पॉप-अप हेडलाइट: उजवा दिवा वर येत नाही, आला तर थांबत नाही

गोदाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार. मी छत्रपती संभाजीनगरला राहतो. माझ्याकडे १९९२ सालची माझदा एमएक्स-५ आहे, म्हणजे बॉनेटमधून वर उघडणाऱ्या दिव्यांची पहिली पिढी. मामा परदेशातून कायमचे परतले तेव्हा ही गाडी त्यांच्यासोबत आली आणि त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर माझ्या ताब्यात आली.

अडचण उजव्या दिव्याची आहे. डावा दिवा बटण दाबताच वर येतो आणि नीट थांबतो. उजवा कधी अर्ध्यावर अडकतो, कधी जागचा हलत नाही आणि कधी वर येऊन पुन्हा खाली, पुन्हा वर असा चालूच राहतो. बल्ब दोन्ही लागतात, मात्र उजवीकडचा उजेड मला थोडा पिवळट वाटतो. बॉनेटखालच्या पेटीतला ‘रिट्रॅक्टर’ लिहिलेला ३० ॲम्पियरचा फ्यूज शाबूत आहे. रिले बदलून पाहिला, त्याने काही फरक पडला नाही.

दोन ठिकाणी विचारले असता दोन्हीकडे ‘मोटार गेली, बाहेरून मागवा’ असे एकमुखाने सांगण्यात आले. कोणीही मीटर लावून पाहिला नाही. मोटार खरोखर गेली आहे हे मागवण्यापूर्वी सिद्ध कसे करावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

बालाघाट
आमच्या बीडमध्ये अशी गाडी चौकात उभी राहून एकच डोळा मारू लागली, तर आधी चालकाला समज दिली जाईल, वायरिंगचा विचार नंतर.

जालना_वायरमन
बालाघाट भाऊ, समज नंतर द्या, आधी गाडी दुरुस्त होऊ द्या.

गोदाकाठ साहेब, मी अशी गाडी हाताळलेली नाही, परंतु वायपरच्या मोटारी आयुष्यभर उघडल्या आहेत आणि तुमच्या दिव्याची मोटार त्याच जातीची आहे. वायपर बंद केला तरी पाती काचेच्या मध्यावर थांबत नाहीत, खाली येऊन थांबतात, कारण मोटारीच्या गिअरवर तांब्याची चकती असते आणि तिच्यावर घासणारे संपर्क ठरावीक जागी तुटतात. दिव्याची मोटारही एकाच दिशेने फिरते. अर्ध्या फेऱ्यात दांडी दिवा वर ढकलते, उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात खाली ओढते. कुठे थांबायचे हे बटण ठरवत नाही, आतली चकती ठरवते. म्हणून दिवा सारखा वर-खाली करत असेल, तर त्याला थांबवणारी जागा चकतीवर उरलेली नाही असे समजावे.

तीस वर्षांत त्या चकतीवरचे ग्रीस सुकून काळे होते, त्यात तांब्याचा कीस मिसळतो आणि जिथे करंट तुटायला हवा त्या फटीतूनही तो वाहत राहतो. माझे मत असे की मोटार उघडा, चकती साफ करा आणि कार्बन (मोटारीच्या फिरत्या भागाला घासून करंट देणारे ठोकळे) किती उरले आहेत ते पाहा. नवी मोटार मागवण्याची घाई करू नका.

विद्युल्लता
मी लातूरला तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकी शिकवते. जालना_वायरमन यांनी चकतीविषयी लिहिलेले मला पटते, परंतु मोटार उघडणे ही पहिली पायरी असावी हे पटत नाही. धागाकर्त्यांनी सांगितलेल्या लक्षणांत दोन वेगळे बिघाड एकत्र दिसत आहेत. सतत वर-खाली होणे हे चकतीचे लक्षण आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र अर्ध्यावर अडकणे आणि त्याच बाजूचा बल्ब पिवळट दिसणे यांचा चकतीशी संबंध नाही, कारण बल्बचा करंट मोटारीतून जातच नाही. दिवा उचलणे आणि दिवा पेटवणे ही दोन स्वतंत्र सर्किटे आहेत. ती दोन्ही एकाच बाजूला दुबळी असतील, तर दोघांत सामाईक काय आहे ते आधी शोधावे. माझा संशय अर्थवर, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतवणाऱ्या जोडणीवर आहे.

त्यात या गाडीची बॅटरी पुढे नसून डिकीत असते. म्हणजे पुढच्या दिव्याचा परतीचा करंट गाडीच्या अंगातून पार मागे जातो आणि वाटेतला प्रत्येक बोल्ट त्याच्या मार्गात येतो.

तपासणी अशी करावी. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला जोडावे (त्यासाठी लांब वायर घ्यावी लागेल) आणि दुसरे टोक उजव्या मोटारीच्या कपलरमधील (तारा जोडणाऱ्या प्लगमधील) अर्थच्या तारेला लावावे. मग कोणाला तरी बटण दाबायला सांगून मोटार चालू असताना आकडा वाचावा. आदर्श स्थितीत तो ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत असावा. मोटार बंद असताना घेतलेला आकडा निरुपयोगी आहे.

जालना_वायरमन
मॅडम, बंद स्थितीतला आकडा निरुपयोगी का, हे सविस्तर सांगावे. आमच्या धंद्यातील निम्मी पोरे मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसले की ‘करंट येतोय’ म्हणतात आणि मोटार बदलतात.

विद्युल्लता
तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलेत. डिजिटल मीटर स्वतः जवळपास करंट घेतच नाही. तारेतील सगळे पदर तुटून एकच उरला असला तरी मीटरला पुरेल एवढा विद्युतदाब त्यातून पोहोचतो आणि आकडा १२.६ दिसतो. त्याच पदरावर आठ-दहा ॲम्पियरचा भार आला की सगळा दाब वाटेतच खर्च होतो.

ओहमवर मोजूनही हा बिघाड सापडत नाही. समजा अर्थच्या सांध्यात ०.३ ओहमचा अडथळा आहे. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा अडथळाही साधारण तेवढाच असतो, त्यामुळे सांधा निर्दोष वाटतो. परंतु ८ ॲम्पियर वाहू लागले की त्याच सांध्यावर २.४ व्होल्ट खाल्ले जातात आणि सुमारे १९ वॅटची उष्णता तिथेच तयार होते. म्हणून पाच मिनिटे दिवे चालू ठेवून सांध्याला हात लावून पाहावा. तो गरम लागला, तर मीटरचीही गरज उरत नाही.

ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी जुना एच-४ बल्ब भार म्हणून वापरावा. त्याची ५५ वॅटची वात साडेचार ॲम्पियरच्या आसपास करंट घेते. कपलरवर ती लखलखीत पेटली तर तार ठीक आहे, मिणमिणली तर नाही.

मांजराकाठ
मी लातूरकडचाच. एवढा खटाटोप करण्यापेक्षा दोन्ही दिवे हाताने वर करून फ्यूज काढून ठेवावा, असा माझा व्यवहारी सल्ला आहे. ऊसतोडीच्या दिवसांत आमच्या रस्त्यांवर मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या एकामागे एक चाललेल्या असतात. अशा रस्त्यावर ऐन वेळी दिवा खालीच राहिला तर काय होईल, याचा विचार करा.

जुनी_चाके
मांजराकाठ यांचा सल्ला तात्पुरता म्हणून योग्य आहे आणि गाडीच्या रचनाकारांनीही त्याची सोय करून ठेवली आहे. प्रत्येक मोटारीच्या डोक्यावर रबराच्या टोपीखाली एक गोल मूठ असते, ती फिरवली की दिवा हाताने वर करता येतो. मात्र आधी रिट्रॅक्टरचा फ्यूज काढलाच पाहिजे. बिघडलेली मोटार हात आत असताना अचानक चालू झाली, तर दांडीच्या सांध्यात बोटे चिरडतात.

मूठ फिरवताना एक तपासणी आपोआप होते. दोन्ही बाजूंच्या मुठी फिरवून पाहाव्यात. उजवी स्पष्टपणे जड लागत असेल, तर वायरिंगला दोष देण्यापूर्वी दांडीचे सांधे आणि बिजागऱ्या पाहाव्यात. आपल्याकडे मार्च ते जून धुळीचे दिवस, त्यात पूर्वी कोणी भरपूर ग्रीस थापले असेल तर ती धूळ तिथे चिकटून घट्ट होते.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, हात फिरवून दिवा काढण्याची पद्धत या प्रकाराइतकीच जुनी आहे. १९३६ सालच्या अमेरिकन कॉर्ड ८१० गाडीत डॅशबोर्डवरचे हँडल फिरवून दिवे बाहेर काढावे लागत. १९६२ च्या लोटस एलानने इंजिनाच्या व्हॅक्यूमवर दिवे उचलले. त्यात वीज नव्हती, पण नळी गळू लागली की दिवे जागेवर राहत नसत. पुढे विजेच्या मोटारी रूढ झाल्या. २००४ मध्ये लोटस एस्प्री आणि शेव्हरोले कॉर्व्हेटची पाचवी पिढी यांचे उत्पादन थांबले आणि असे दिवे असलेल्या नेहमीच्या उत्पादनातल्या गाड्या संपल्या. तुमच्या एमएक्स-५ ने तर त्यापूर्वीच, १९९८ च्या दुसऱ्या पिढीत, स्थिर दिवे घेतले.

बालाघाट
म्हणजे १९३६ मध्ये हाताने आणि आज गोदाकाठ साहेबांच्या दारातही हाताने. प्रगती व्यवस्थित चालू आहे.

पैनगंगा
माझी सूचना थोडी वेगळी आहे. बल्बच्या जागी एलईडी टाकावेत. करंट कमी लागेल, त्यामुळे जुन्या वायरिंगवरचा ताण कमी होऊन प्रश्न मुळातूनच सुटेल.

विद्युल्लता
पैनगंगा, सुटणार नाही. वर लिहिल्याप्रमाणे मोटारीचे सर्किट वेगळे आहे. एलईडीने बल्बचा भार घटेल, परंतु मोटारीला लागणारा करंट तेवढाच राहील आणि त्याच सदोष अर्थमधून परतेल. उलट बल्ब पिवळा पडणे ही आपल्याला मिळालेली खूण आहे, ती एलईडीने झाकली जाईल. बहुतेक एलईडी कमी दाबावरही तेवढाच उजेड देतात.

साध्या हॅलोजन बल्बचा उजेड दाबाच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. दाब १० टक्के कमी झाला की उजेड सुमारे ३० टक्के घटतो. धागाकर्त्यांना ‘थोडा पिवळट’ वाटणारा दिवा मीटरवर चांगलाच मागे पडलेला दिसेल.

पैनगंगा
३० टक्क्यांचे गणित मला ठाऊक नव्हते. तरीही एच-४ साठी बनवलेल्या परावर्तकात चांगल्या प्रतीचा एलईडी वाईट नसतो, या मतावर मी कायम आहे.

जालना_वायरमन
समोरून येणाऱ्याला विचारा. ७ इंची गोल दिव्यात, म्हणजे आपल्या जुन्या बुलेट आणि जीपला असतो तसल्या दिव्यात, बाजारातला एलईडी टाकला की डिपर मारूनही प्रकाश खाली येत नाही. वातीची जागा आणि एलईडीच्या चिपची जागा जुळत नाही, म्हणून परावर्तक उजेड वाटेल तिथे फेकतो.

दुधना
परभणीहून दोन मुद्दे जोडते.

पहिला उंदरांचा. कमी चालणारी गाडी त्यांना निवांत घर वाटते. आमच्या जुन्या फियाटच्या पुढच्या हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) अवस्था पाहून वायरमनने हात जोडले होते. दिवा वर-खाली होताना त्याच्या मागची वायर प्रत्येक वेळी वाकते, त्यामुळे आधीच कुरतडलेली असेल तर आतले पदर तिथेच तुटतात आणि वरून आवरण मात्र धड दिसते. ती वायर बोटांनी हलवत दिवा लावून पाहावा.

दुसरा पाण्याचा. आपल्याकडे बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. त्या पाण्याने समोरचा भाग धुतला आणि दिवे वर असताना प्रेशरने फवारा मारला, तर कपलरमध्ये पाणी शिरून वाळते आणि क्षार मागे उरतात. पिनांवर हिरवा-पांढरा थर दिसला तर काँटॅक्ट क्लीनरने काढावा. चाकूने खरवडू नये, पिनांवरचा कथलाचा मुलामा निघून जातो.

गोदाकाठ
सर्वांचे आभार. कामाला लागलो, त्याचा अहवाल देत आहे.

फ्यूज काढून दोन्ही मुठी फिरवल्या. उजवी किंचित जड आहे, अडकत मात्र नाही. हार्नेस कुरतडलेला नाही. त्यानंतर विद्युल्लता ताईंनी सांगितल्याप्रमाणे डिकीतील बॅटरीपासून लांब वायर आणली. मोटार फिरत असताना डाव्या बाजूला ०.२ व्होल्ट आणि उजव्या बाजूला २.६ व्होल्ट असा आकडा मिळाला. नुसता बल्ब चालू असतानाही उजवीकडे १.४ व्होल्ट दाखवतात.

आता उजव्या मोटारीची आणि बल्बची काळी तार कुठे जाते त्याचा माग काढत आहे.

विद्युल्लता
२.६ व्होल्ट हा आकडा पुरेसा बोलका आहे. मोटारीच्या वाट्याला दहाच्या आसपासच व्होल्ट उरतात. त्यात मूठ किंचित जड, म्हणजे दिवा अर्ध्यावर अडकणारच. काळी तार संपते त्या बोल्टपासून सुरुवात करा आणि बोल्ट सोडवण्यापूर्वी दोन वाचने घ्या. एक तारेच्या टोकावरील, बोल्टखाली कसलेल्या चकतीवर (मोटारीतली चकती वेगळी) आणि दुसरे बोल्टशेजारच्या उघड्या पत्र्यावर. चकतीवर आकडा मोठा आणि पत्र्यावर लहान आला, तर दोष नेमका त्या दोघांच्या मध्ये आहे.

गोदाकाठ
सापडले. चकतीवर २.५, पत्र्यावर ०.२. बोल्ट काढल्यावर कारणही दिसले. गाडी कधीतरी समोरून रंगवली गेली आहे. ते काम करणाऱ्याने उजव्या बाजूच्या सगळ्या काळ्या तारा एकत्र वळून, एकाच चकतीत दाबून, ती ताज्या रंगावरच कसली होती. म्हणजे करंटला जो काही रस्ता मिळत होता तो बोल्टच्या आट्यांतून. त्या आट्याही गंजलेल्या. चकतीखालचा रंग तपकिरी पडला आहे, म्हणजे तिथे उष्णता होतच होती.

रंग खरवडून उघडा पत्रा काढला, मोटारीला आणि बल्बला स्वतंत्र चकत्या दाबल्या, दातेरी वायसर घालून कसले आणि वरून गंजरोधक फवारले. मोटार चालू असताना आता ०.२ व्होल्ट येतात. दिवा डाव्याच्या बरोबरीने वर येतो, बल्बही पांढरा झाला. मोटार मागवण्याचा विचार सोडला आहे.

मात्र वर-खाली होणे गेले नाही. उलट आता जोमाने होते.

जालना_वायरमन
जोमाने होणारच, मोटारीला आता पोटभर करंट मिळतो आहे. मॅडमचा अंदाज खरा ठरला, अर्थ आधी पाहिली हे उत्तम झाले. नाहीतर चकती साफ करूनही दिवा अर्ध्यावरच अडकला असता आणि दोष माझ्या सल्ल्याला आला असता.

आता मोटार उघडा. बाहेर काढण्यापूर्वी दांडी मोटारीच्या आसावर कोणत्या कोनात बसली आहे तिथे मार्करने खूण करा. खूण न करता बसवली की दिवा अर्धवट जागी थांबतो आणि माणूस पुन्हा वायरिंग शोधत बसतो. झाकणाखालचे काळे ग्रीस कापडाने आणि काँटॅक्ट क्लीनरने काढा. चकतीवरच्या फटीत टूथब्रश फिरवा, फट स्वच्छ दिसली पाहिजे. संपर्काच्या पत्त्या अगदी हलक्या हाताने वाकवून त्यांचा दाब वाढवा. चकतीला बारीक पॉलिश पेपर मारून घ्यायलाही हरकत नाही.

दुधना
पॉलिश पेपरला माझी हरकत आहे. ओरखडे पडले की पत्त्या लवकर झिजतात आणि पुन्हा तांब्याचा कीस तयार होतो. पेन्सिलचे खोडरबर पुरते.

जालना_वायरमन
ताई, खोडरबरही चालेल. मी हजाराचा पेपर म्हणतो आहे, सुताराचा नव्हे. आत नवे ग्रीस मात्र अगदी पातळ लावा, गिअरवर थोडे जास्त आणि चकतीवर नावापुरते.

जुनी_चाके
मोटारीचे कार्बन झिजलेले निघाले तर काय करावे हे कोणी लिहिले नाही. ते अगदी आखूड झाले असतील तर शेतीपंपाच्या मोटारी भरणाऱ्या वायंडिंगच्या दुकानात मोजमाप दाखवावे. तिथे मोठा कार्बन घासून हव्या त्या मापाचा करून देतात. फक्त तो मऊ जातीचा मागावा, कडक कार्बन कम्युटेटर (ज्यावर कार्बन घासतो तो तांब्याचा फिरता भाग) खातो.

गोदाकाठ
चकती साफ झाली. जालना_वायरमन यांनी वर्णन केले होते तसेच आत होते. ग्रीस डांबरासारखे घट्ट आणि फटीत चमकणारा कीस. खोडरबर वापरले. कार्बन बरेच शिल्लक आहेत, म्हणून त्यांना हात लावला नाही. दांडी खुणेवर बसवली. दिवा वर येतो, थांबतो, खाली जातो, थांबतो. काल संध्याकाळी दौलताबादच्या घाटातून खुलताबादपर्यंत जाऊन आलो, काही तक्रार नाही.

एक उपप्रश्न. मूठ झाकणारी रबरी टोपी तडकली आहे. ती महत्त्वाची आहे का?

जुनी_चाके
होय. त्याच वाटेने पावसाचे पाणी आसावरून मोटारीत उतरते. मूळ टोपी मिळेपर्यंत योग्य मापाचे रबरी बूच बसवा. सिलिकॉनने कायमचे बंद करू नका, अडचणीच्या वेळी मूठ लागेल.

आणि डिकीपर्यंत गेलाच आहात तर बॅटरीही पाहून घ्या. या गाडीला मूळ बॅटरी बंदिस्त प्रकारची आणि वायू बाहेर सोडणाऱ्या नळ्या जोडलेली असते. आपल्याकडची साधी बॅटरी नळीशिवाय बसवली असेल, तर तिच्या वाफेने डिकीचा तळ आणि शेजारचा अर्थचा सांधा दोन्ही गंजतात.

नांदेडकर_नवा
मी नवा सदस्य आहे. माझ्या काकांच्या पॉप-अप दिव्यांच्या जुन्या गाडीत दोन्ही दिवे एकदमच हलेनासे झाले आहेत, बल्ब मात्र लागतात. मीही अर्थपासूनच सुरुवात करू का?

विद्युल्लता
नाही. दोन्ही एकदम बंद पडले असतील तर दोघांच्या आधी येणारे भाग पाहा: मोटारीचा फ्यूज, त्याचा रिले आणि आतले बटण, याच क्रमाने. फ्यूज डोळ्यांनी पाहू नका. खोबणीत बसलेला असताना त्याच्या दोन्ही टोकांवर टेस्ट लॅम्प लावा. एका टोकाला पेटून दुसऱ्या टोकाला पेटला नाही तर फ्यूज गेलेला आहे. दोन्हीकडे पेटला तर बटण दाबताना रिलेचा ‘टक’ आवाज येतो का, ते ऐकून इथे लिहा.

जालना_वायरमन
आणि फ्यूज उडालेला निघाला तर त्यावर तांब्याची तार गुंडाळू नका. दांडी अडकलेली असेल तर जळायचे ते फ्यूजमध्ये जळू द्या, हार्नेसमध्ये नको. आधी मूठ फिरवून दोन्ही दिवे मोकळे आहेत का ते पाहा आणि मगच त्याच मापाचा नवा फ्यूज घाला.

नांदेडकर_नवा
आवाज येत नाही. रविवारी काकांकडे जातो तेव्हा टेस्ट लॅम्प घेऊन जाईन आणि पुढचे कळवीन.